पहिलीचं इंग्रजी: आधी कान, मग तोंड, मग अक्षर

ही कृती मराठी माध्यमाच्या शाळेत पहिलीला शिकवणाऱ्या बाईंसाठी आणि सरांसाठी आहे. वर्गात पंचवीस-तीस मुलं, पुष्कळदा पहिली-दुसरीचा जोडवर्ग, आणि घरी इंग्रजी बोलणारं कुणी नाही. दुकानांच्या पाट्यांवर इंग्रजी अक्षरं दिसतात, मोबाईलवर गाणी वाजतात, पण मुलाशी समोरासमोर इंग्रजीत कुणी बोललेलं नसतं.

आपल्याकडे मराठी शाळांत इंग्रजी पूर्वी पाचवीपासून असे. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ते पहिलीपासून सुरू झालं. पाचवीतल्या दहा वर्षांच्या मुलाला मराठी लिहिता-वाचता येत असे. त्याच्यापुढे एबीसीडी, स्पेलिंग, भाषांतर असा क्रम ठेवला तरी ते निभावून नेई. पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलाला अजून काना-मात्रा नीट जमत नाही. तरी बऱ्याच वर्गांत पाचवीचाच क्रम पहिलीत चालू आहे: फळ्यावर ए ते झेड, त्याखाली शब्द, आणि एका सुरात घोकणं. 'सी ए टी कॅट' मूल खणखणीत म्हणतं. त्याच मुलाला 'गिव्ह मी द बॉल' म्हटलं तर ते बाईंच्या तोंडाकडे बघत उभं राहतं.

म्हणून इथे क्रम बदलला आहे. जूनपासून दिवाळीपर्यंत इंग्रजीच्या तासाला वही नाही आणि अक्षरंही नाहीत. भरपूर ऐकायचं, ऐकलेलं हातापायांनी करून दाखवायचं, त्यातून बोलणं फुटू द्यायचं. अक्षरं दिवाळीनंतर. बालभारतीचं पुस्तक मात्र बाजूला ठेवायचं नाही. त्यातली चित्रं या काळात बघायला आणि बोलायला फार उपयोगी पडतात.

तयारी

विकत आणण्यासारखं जवळजवळ काहीच लागत नाही. एक जाड कापडाची पिशवी घ्या, आतली वस्तू बाहेरून दिसणार नाही अशी. तिच्यात कप, चमचा, चेंडू, टोपी, कंगवा, चावी, साबण, रिकामी काडेपेटी, दोन-चार बटणं ठेवा. चिंचोके, खडे, झाडाची पानं रोजची रोज मुलं आणतील. बोर्डी-कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं जे काम केलं, त्यात आसपास सापडणाऱ्या वस्तूंनाच शिकवण्याचं साहित्य मानलं होतं. इंग्रजीलाही तेच लागू पडतं. तक्त्यावरच्या सफरचंदापेक्षा हातातला कांदा बरा. तो हातात घेता येतो, लपवता येतो, मागता येतो.

दुसरी वस्तू म्हणजे पायमोज्याचा बाहुला. जुना मोजा, डोळ्यांना दोन बटणं, तोंडाला लाल चिंधी. नाव मुलांना ठेवू द्या. या बाहुल्याला फक्त इंग्रजी कळतं, मराठीचा एक शब्दही कळत नाही, एवढं मुलांना पहिल्याच दिवशी सांगायचं आणि वर्षभर पाळायचं. समोरच्या बाईंना मराठी येतं हे मुलाला ठाऊक असतं, मग त्यांच्याशी इंग्रजीत बोलायचं कशाला, हे त्याला पटत नाही. बाहुल्याशी बोलायला मात्र कारण आहे. बाईंनी मराठी बोलायचं, बाहुल्यानं इंग्रजी, अशी वाटणी केली की दोन भाषांची खिचडीही होत नाही.

वेळ रोज वीस-पंचवीस मिनिटं. आठवड्यातून दोनदा तासभर घेण्यापेक्षा रोज थोडं घेतलेलं टिकतं. शक्य असेल तर त्याचेही दोन भाग करा: परिपाठानंतर दहा मिनिटं आणि दुपारी पोषण आहारानंतर दहा मिनिटं. जेवून आलेली मुलं पेंगतात, तेव्हा उठून-बसून करायचे खेळ दुपारी ठेवावेत.

मुलांकडचं इंग्रजी आधी बाहेर काढा

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात काही शिकवू नका. पिशवीतून एकेक वस्तू काढा, चित्रं दाखवा आणि 'हे काय?' एवढंच विचारा. कप, बॉल, बॅट, बस, पेन, बॅग, शर्ट, टीव्ही, मोबाईल, टेबल, बिस्कीट, चॉकलेट, पंप, मोटर, हे शब्द मुलं घरूनच घेऊन आलेली असतात. प्रत्येक शब्दाला फळ्यावर एक छोटं चित्र काढत जा. आठवड्याच्या शेवटी फळा भरतो. मग मुलांना सांगा, हे सगळं इंग्रजी आहे आणि तुम्हाला ते येतं. ज्या घरात इंग्रजीची धास्ती आहे, त्या घरातल्या मुलासाठी हे ऐकणं फार मोलाचं असतं.

या शब्दांचा पुढे रोज उपयोग होतो. नवी क्रिया शिकवताना वस्तू ओळखीची ठेवायची, नवी वस्तू शिकवताना क्रिया ओळखीची. दोन्ही नव्या एका दिवशी आणायच्या नाहीत.

आदेशांचा खेळ

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात एक पद्धत मांडली. लहान मूल मातृभाषा शिकताना आधी कितीतरी महिने फक्त ऐकतं आणि सांगितलेलं करतं: इकडे ये, ते दे, खाली बस. बोलणं मागाहून येतं. दुसरी भाषाही तशीच शरीरातून आत जाऊ द्यावी, असं त्यांचं म्हणणं. लहान मुलांच्या वर्गात हे फार चांगलं लागू पडतं, कारण त्या वयाचं मूल असंही एका जागी बसत नाही.

पहिल्या दिवशी तीनच आदेश घ्या: 'स्टँड अप', 'सिट डाउन', 'टर्न अराउंड'. बाहुला म्हणेल आणि बाई करतील. मग बाहुला म्हणेल, बाई आणि मुलं मिळून करतील. असं पाच-सात वेळा झालं की बाई थांबतील, बाहुला म्हणत राहील, मुलं करतील. मग क्रम उलटसुलट करा. दोनदा 'स्टँड अप' म्हणा. मुलं उभी आहेत आणि पुन्हा 'स्टँड अप' आलं की काही बसतात, काही हसतात. ती हसणारी मुलं शब्द ऐकतायत, बसणारी अजून क्रम पाठ करतायत. कोण कुठे आहे हे त्या एका क्षणात कळतं.

दुसऱ्या दिवसापासून शरीराचे भाग: 'टच युवर नोज', 'टच युवर इअर', 'टच युवर हेड'. इथे एक अडचण हमखास येते. अर्धा वर्ग शेजाऱ्याकडे बघून करतो. बघून करू द्यावं. सुरुवातीला तेही शिकणंच आहे. पण आपल्याला नक्की काय समजलंय हे पाहायचं असेल तेव्हा मराठीत सांगा, 'आता डोळे मिटा', आणि मग बाहुल्याकडून म्हणवून घ्या, 'टच युवर इअर'. डोळे मिटलेल्या वर्गात कुणाचा हात सरळ कानाकडे जातो, कुणाचा नाकापाशी थबकतो, कुणाचा हवेतच राहतो, ते बघत फिरा. नावं घेऊ नका, कुणाला चुकलं म्हणू नका. ज्यांचा हात हवेत राहिला त्यांच्या जवळ उभं राहून तोच आदेश पुन्हा दोनदा द्या, या वेळी डोळे उघडे ठेवून. परीक्षेपेक्षा हे पाहणं जास्त सांगून जातं, आणि मुलाला आपली परीक्षा झाली हे कळतही नाही.

पुढे वस्तू आणि जागा येतात. 'टच द डोअर', 'वॉक टु द डोअर', 'ओपन द बॅग', 'गिव्ह मी द कप'. काडेपेटी आणि चिंचोका घेऊन 'इन', 'ऑन', 'अंडर' शिकवायला एक तास पुरतो. 'पुट द सीड इन द बॉक्स', 'पुट द सीड ऑन द बॉक्स', 'पुट द सीड अंडर द बॉक्स'. प्रत्येक मुलापुढे स्वतःची काडेपेटी आणि स्वतःचा चिंचोका असला पाहिजे. बाईंच्या टेबलावर एकच पेटी ठेवून तीस मुलांनी बघायचं, यात काही होत नाही.

मग मुलांनी कधीच न ऐकलेलं वाक्य द्या. 'पुट युवर नोज ऑन द बॅग.' प्रत्येक तुकडा ओळखीचा, पण जोडणी नवी. मुलं क्षणभर थांबतात, एकमेकांकडे बघतात, मग कुणीतरी दप्तरावर नाक टेकवतं आणि वर्ग फुटतो. पाठ केलेलं आणि समजलेलं यातला फरक इथे दिसतो, म्हणून ॲशरही अशा नव्या जोडण्यांवर भर देत. रोज एक तरी असं वाक्य घरून ठरवून या.

या काळात मुलांना बोलायला लावू नका. 'म्हण बरं' हे दोन शब्द जुलै संपेपर्यंत तोंडातून जाऊ नयेत. काही मुलं आपणहून म्हणतील, त्यांना म्हणू द्या. काही दिवाळीपर्यंत तोंड उघडणार नाहीत. ती मागे आहेत असं समजू नका. गप्प मुलगी डोळे मिटून सगळे आदेश बरोबर पाळत असेल तर तिचं इंग्रजी चांगलं चाललंय.

जोडवर्ग असेल तर दुसरीच्या मुलांना बाहुला द्या. त्यांनी आदेश द्यायचे, पहिलीनं पाळायचे. दुसरीची उजळणी होते, पहिलीला ऐकायला जास्त आवाज मिळतात.

बोलणं

बोलण्याची वेळ आली हे मुलंच सांगतात. आदेश ऐकताना ओठ हलू लागतात. मधल्या सुट्टीत मुली एकमेकींना 'सिट डाउन' म्हणून बसवू लागतात. हे दिसलं की बाहुला मुलांच्या हाती द्या. ज्याच्या हातात बाहुला, त्यानं आदेश द्यायचा आणि बाईंनीही तो पाळायचा. बाईंना तीनदा उठवून बसवण्यासाठी एरवी न बोलणारं पोरही बोलतं.

त्यानंतर सुटे शब्द न देता रोज लागणारी छोटी आयती वाक्यं द्या: 'माय टर्न', 'गिव्ह मी', 'हिअर यू आर', 'वन्स मोअर', 'आय डोन्ट नो', 'फिनिश्ड'. यात व्याकरण समजावायचं नाही. 'डोन्ट' म्हणजे काय, कशाचं बनलं, हे पाचवीत बघता येईल. 'आय डोन्ट नो' मात्र आधी द्या, कारण माहीत नाही असं मोकळेपणानं म्हणता येणारं मूल घाबरत नाही.

'गुड मॉर्निंग टीचर' हे सगळ्या शाळांत होतं, लांब हेल काढून, सगळ्यांनी एकदम. ते असू द्या, पण त्याला जोडून दारात उभं राहा आणि आत येणाऱ्या प्रत्येक मुलाला नावानं 'गुड मॉर्निंग' म्हणा, त्याच्या डोळ्यांत बघून. उत्तर आलं तर आलं. काही दिवसांत बहुतेकांचं येतं, तेही हेल न काढता.

दुकानाचा खेळ गणपतीच्या सुमाराला सुरू करता येतो. घरून कांदे, बटाटे, लिंबं, वांगी आणायला सांगा. एका बाकावर दुकान मांडा. गिऱ्हाइकानं म्हणायचं, 'गिव्ह मी टू पोटॅटोज, प्लीज', दुकानदारानं 'हिअर यू आर'. पैसे म्हणून चिंचोके. मूल 'गिव्ह मी टू पोटॅटो' म्हणेल. तिथे 'चूक, पोटॅटोज म्हण' असं करू नका. दुकानदाराच्या बाजूला बसून सहज विचारा, 'टू पोटॅटोज?' आणि दोन बटाटे हातात ठेवा. बरोबर रूप त्याच्या कानावर पडलं, व्यवहारही अडला नाही. पन्नास वेळा असं कानावर पडलं की जीभ आपोआप वळते. मधेच अडवून सुधारलं तर पुढच्या वेळी ते मूल गिऱ्हाईक व्हायला उठतच नाही.

मूल मराठीत उत्तर देईल तेव्हाही हीच रीत. 'बाई, पाणी पिऊन येऊ?' असं आलं तर 'वॉटर? यस, गो' म्हणा. त्याचं मराठी झिडकारायचं नाही. कळलं आहे म्हणूनच ते उत्तर देतंय, हे लक्षात ठेवायचं. खेळाचे नियम सांगताना, रडणाऱ्याला समजावताना, मराठीतच बोला. मातृभाषेत ज्याला धीर मिळतो तेच मूल परक्या भाषेत पाऊल टाकतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असंच म्हटलं आहे. इंग्रजी विषय चांगला होण्यासाठी मराठी शाळा मोडायची गरज नाही.

मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे पावरी किंवा भिली, तांड्यावर गोरमाटी बोलणारी मुलं वर्गात असतील तर त्यांच्यासाठी मराठीही नवी असते. तिथे 'याला मराठीत काय म्हणतात' हा मधला टप्पा मुळीच ठेवू नका. वस्तू हातात द्या, क्रिया करून दाखवा, आणि त्यांच्या भाषेतला शब्द त्यांच्याकडून आवर्जून विचारून घ्या. बाईंनी कोरकू शब्द चुकतमाकत म्हटला की चुकतमाकत इंग्रजी म्हणायला मुलं तयार होतात.

चिमणी-कावळ्याची गोष्ट

इतक्या तयारीवर एक पूर्ण गोष्ट इंग्रजीत घेता येते. परदेशी गोष्टीपेक्षा चिमणी-कावळ्याची घ्यावी. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं, पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं, तो चिमणीचं दार ठोठावतो आणि चिमणी दर वेळी बाळाचं काही ना काही काम सांगत त्याला थांबवते. पुढे काय होणार हे प्रत्येक मुलाला माहीत असतं, त्यामुळे शब्द न कळता अर्थ कळतो. शिवाय तेच संभाषण पुन्हा पुन्हा येतं, आणि शिकवायला असाच ऐवज लागतो.

पहिल्या दिवशी फळ्यावर दोन घरं काढून बाईंनी एकट्यानं सांगावी. वाक्यं चार-पाच शब्दांचीच हवीत. 'धिस इज क्रोज हाउस. धिस इज स्पॅरोज हाउस. लुक, इट इज रेनिंग.' पाऊस आला की ओल्या फडक्यानं कावळ्याचं घर पुसून टाका. तेवढ्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मग बाकावर टकटक: 'ओपन द डोअर, प्लीज. आय ॲम कोल्ड.' आणि चिमणीचं उत्तर: 'वेट. माय बेबी इज स्लीपिंग.'

दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग कावळा. त्यांनी फक्त बाक ठोठावून 'ओपन द डोअर, प्लीज' म्हणायचं, चिमणी बाई. हे वाक्य एका तासात वीस वेळा म्हटलं जातं आणि कुणाला कंटाळा येत नाही. तिसऱ्या दिवशी निम्मा वर्ग चिमण्या. बाई मुक्या अभिनयानं सुचवतील: घास भरवणं, अंघोळ घालणं, झोपवणं. चिमण्या म्हणतील, 'माय बेबी इज ईटिंग', 'माय बेबी इज स्लीपिंग'. चौथ्या दिवशी सुचवणं बंद करा. चिमण्यांनी आपापली कारणं शोधायची. 'माय बेबी इज क्राइंग' येईल, 'माय बेबी इज प्लेइंग क्रिकेट' येईल, एखादी 'माय बेबी इज मोबाईल' म्हणेल. तिला 'ओ, युवर बेबी इज वॉचिंग मोबाईल? ओके, आय विल वेट' असं उत्तर द्या. चालू वर्तमानकाळ हा शब्दही न उच्चारता तो वर्गात रुजला.

शेवटी कावळ्याला आत घ्यायचं की नाही हे मुलांना ठरवू द्या. मुलं बहुतेक वेळा 'कम इन' म्हणतात.

पुढच्या गोष्टींसाठी 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर २०१५ पासून मोफत चित्रकथा मिळतात. एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीतही सापडते. सोमवारी मराठीत वाचा, मंगळवारी त्याच चित्रांवर इंग्रजीत. वाक्याला वाक्य ठेवून भाषांतर करत वाचू नका. मुलं मराठी वाक्याची वाट बघत बसतात आणि इंग्रजीला कान बंद करतात.

गाण्यांबद्दल थोडक्यात: ज्यात शब्दाबरोबर कृती आहे तेवढीच घ्या. भोंडल्याच्या किंवा झिम्म्याच्या चालीवर स्वतः दोन ओळी रचल्या तर उत्तमच. अर्थ न कळता वीस इंग्रजी गाणी पाठ असणं ही पालकांना सुखावणारी गोष्ट आहे, भाषेला तिचा उपयोग थोडा.

उच्चार

आपलं इंग्रजी साहेबासारखं नाही, ही बऱ्याच बाईंची मनातली भीती असते. पहिलीसाठी लागणारी वाक्यं मोजकी आहेत. उद्याची दहा वाक्यं आज रात्री मोबाईलवर ऐकून मोठ्यानं म्हणून बघा, एवढी तयारी पुरते. हेल मराठी राहिला तर काही बिघडत नाही. दोन-तीन ठिकाणी मात्र लक्ष द्यावं. 'व्हॅन'चा 'व्ह' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, 'वॉटर'चा 'वॉ' म्हणताना ओठांचा चंबू होतो. आरसा फिरवून मुलांना आपापले ओठ बघू द्या. 'शिप' आणि 'शीप' यांत स्वर वेगळा आहे, फक्त लांबी नाही. दुसरा म्हणताना ओठ हसल्यासारखे ताणायचे. आणि 'पेन'मधला 'प' इंग्रजीत हवेचा झोत सोडून म्हणतात. ओठांपुढे कागदाची पातळ पट्टी धरली तर ती हलली पाहिजे. मराठी 'पान' म्हणताना ती जवळजवळ हलत नाही. हा प्रयोग मुलांना फार आवडतो आणि पाच मिनिटांत संपतो.

अक्षरं

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलांचं मराठी वाचन थोडं रुळलेलं असतं. आता अक्षरं आणा, पण ए ते झेड अशा क्रमानं नको. एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरं आधी घ्या, कारण त्यांतून लगेच शब्द होतात: सॅट, सिट, पिन, पॅन, टॅप, टिप, नॅप, टिन.

मराठीत 'क'चं नाव 'क' आणि आवाजही जवळपास तोच. इंग्रजीत नाव एक, आवाज दुसरा. 'डब्ल्यू' या नावात 'व' कुठेच नाही. म्हणून 'सी ए टी' असं कितीही म्हटलं तरी त्यातून 'कॅट' तयार होत नाही, मूल ते फक्त पाठ करतं. आधी आवाज शिकवा: साप फूत्कारतो तसा लांब 'स्स्', मग 'ॲ', मग 'ट्'. 'ट' असा पूर्ण म्हणू नका, पाय मोडून 'ट्' म्हणा, नाहीतर जोडताना 'सॲट' होतं. तीन मुलांना तीन अक्षरांचे पुठ्ठे देऊन लांब उभं करा. प्रत्येकानं आपला आवाज म्हणत एकेक पाऊल जवळ यायचं. खांद्याला खांदा लागला की 'सॅट'. बाराखडी शिकत असलेल्या मुलांना आवाज जोडण्याची सवय असतेच, ती इथे कामी येते. अक्षरांची नावं महिन्याभरानं सांगितली तरी चालतात. त्या सहांनंतर एम, डी, जी, ओ, सी, के घ्या. लहान लिपीतली अक्षरं आधी द्या, कारण पुस्तकात तीच जास्त असतात.

लिहिताना एक गोष्ट खास आपल्या मुलांना नडते. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकतं, इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं. मराठीची सवय लागलेलं मूल इंग्रजी अक्षरही वरच्या रेघेपासून खाली सोडतं. चाररेघी वहीत ते डोकं टेकून पाय हवेत ठेवतं. म्हणून वहीआधी अंगणातल्या मातीत आणि पाटीवर लिहून घ्या, आणि खालची रेघ रंगीत खडूनं आखा. 'बी' आणि 'डी' एका आठवड्यात शिकवू नका, मधे दोन-तीन आठवडे जाऊ द्या. इंग्रजी शब्दाखाली त्याचा उच्चार देवनागरीत लिहून देऊ नका. मुलाची नजर ओळखीच्या लिपीवर जाते आणि इंग्रजी अक्षरं नुसती शोभेला राहतात.

पालकांना काय सांगायचं

जुलै-ऑगस्टच्या पालकसभेत प्रश्न येणारच: 'बाई, वहीत इंग्रजीचं काहीच कसं नाही?' तोंडी उत्तर देण्यापेक्षा मुलांना समोर आणा. एखाद्या आईलाच विचारा, 'ताई, तुम्हीच त्याला हे म्हणा', आणि कागदावर देवनागरीत लिहिलेलं 'ब्रिंग मी द चेअर' तिच्या हाती द्या. पोरगं खुर्ची घेऊन आईपुढे ठेवतं तेव्हा वहीचा प्रश्न मागे पडतो. घरी त्यांनी एबीसीडी म्हणवून घेऊ नये, रोज मराठीत एक गोष्ट सांगावी, एवढीच विनंती करा. घरची गोष्ट जितकी समृद्ध, तितकी शाळेतली इंग्रजी गोष्ट लवकर कळते.

नोंदी

एका वहीत मुलांची नावं लिहा आणि महिन्यातून एकदा प्रत्येकापुढे तीन खुणा करा: आदेश पाळतं का, आयती वाक्यं वापरतं का, आपलं असं नवं वाक्य जोडतं का. प्रत्येक मुलाला दोन-तीन मिनिटं पिशवीजवळ बोलावून खेळल्यासारखं बघून घ्या. मार्क देऊ नका.

बीड-नगरकडच्या शाळांत दिवाळीच्या सुमाराला काही नावांपुढच्या जागा रिकाम्या पडतात, कारण आई-वडील ऊसतोडीला जातात. गावात हंगामी वसतिगृह असेल किंवा आजी-आजोबा सांभाळणार असतील तर मूल राहतं, नाहीतर तेही फडावर जातं आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतं. तोवर वर्ग अक्षरांवर पोचलेला असतो. त्याला मागची वही पूर्ण करायला बसवू नका. पहिला आठवडा त्याच्यासाठी पुन्हा पिशवी, बाहुला आणि आदेश असू द्या, सगळ्या वर्गासकट. बाकीच्यांची उजळणी होईल. शेजारी एक बोलकी मैत्रीण किंवा मित्र बसवा. आणि फळ्यावर ट्रॅक्टर, ट्रॉली, ट्रक, टायर यांची चित्रं काढा. हे शब्द त्याच्याकडे वर्गातल्या कुणाहीपेक्षा पक्के असतात. 'गेट ऑन द ट्रॅक्टर', 'स्टॉप द ट्रक', 'पुश द टायर' असा त्या आठवड्याचा खेळ बेता, आणि बाहुला त्याच्याच हातात द्या.